दिवा लागला नाही म्हणून

"हात लावू नकोस त्याला!"

वायरमन दारातूनच असा ओरडला की लेकीच्या हातातला इवलासा स्क्रूड्रायव्हर टेबलाखाली गेला आणि बायको पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो, केवढ्यानं ओरडता! पोरीचा जीव जायचा अशानं."

"जीव वाचावा म्हणूनच ओरडलो," तो म्हणाला. त्याने दाराची चौकट धरली.

टेबलावर लेकीचा कॅमेरा पोट उघडून पडला होता. घासलेल्या भांड्यांचे फोटो काढायचा परवा सराव करताना तो तिच्या हातून सटकला आणि थेट बादलीत बुडाला. भांड्यांच्या एका दुकानाने तिला फोटोंचं पहिलंवहिलं काम दिलं होतं आणि ते उद्यावर आलं होतं. दुरुस्तीवाल्याने "पाणी गेलंय, विसरा आता" म्हणून हात झटकले. मग लेकबाईंनी घरीच दवाखाना थाटला. कॅमेरा पंख्याखाली वाळवला आणि आज सकाळी धीर न धरवून चालू करून पाहिला. लेन्स पुढे आली, फ्लॅशचा बारीक दिवा लुकलुकला आणि सगळं ठप्प झालं. आता आत साचलेला ओलावा पुसून काढायचा तिचा बेत होता.

"बॅटरी काढलीय, बाबा. करंट येणार कुठून?"

"ते काळं नळकांडं दिसतंय ना? फ्लॅशचा कपॅसिटर आहे तो. बॅटरी काढली तरी त्याच्या पोटात वीज बसून राहते. सकाळी चालू केलास तेव्हा भरला असेल."

"झालं यांचं सुरू," लेक पुटपुटली.

तिचंही चुकत नव्हतं. विजेच्या खांबावरून पडल्यापासून त्याने घरातल्या एका बटणाला बोट लावलं नव्हतं. स्विचबोर्डाशेजारी खिळ्याला एक लाकडी फूटपट्टी टांगलेली असे. तिच्या टोकाने तो दिवे लावायचा, पंखे लावायचा. लेक ती पाहुण्यांना "बाबांची जादूची कांडी" म्हणून दाखवायची आणि तोही हसायचा. न हसून करतो काय? उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली होती, ऑफिसने त्याला तक्रारींच्या खिडकीत बसवलं होतं आणि बटण दिसलं की अजून त्याच्या तोंडाला कोरड पडायची.

"बरं, हातमोजे घालते," म्हणत लेकीने भांडी घासायचे रबरी मोजे चढवले.

"अंगठ्याला भोक आहे गं त्याच्या," बायको म्हणाली.

वायरमनने माळ्यावरची जुनी पेटी काढली. तिच्यात त्याचा टेस्ट लॅम्प होता, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. उघडी टोकं त्याने कपॅसिटरच्या दोन पायांना लावली. वाकड्या बोटांनी दोनदा नेम चुकला. बल्ब लागला नाही.

"बघा! रिकामा आहे," म्हणत लेकीने हात पुढे केला.

त्याने तिचं मनगट गच्च धरलं.

"दिवा लागला नाही म्हणून वीज नाही, असं नसतं." त्याने मनगट सोडलं नाही. "त्या दिवशी खांबावरही लागला नव्हता. लाइन बंद आहे समजून मी तार धरली. बल्बच गेलेला होता."

घरी त्याने आजवर पाय घसरला एवढंच सांगितलं होतं. बायको पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.

बल्ब तपासायचा तर वायरी चालू प्लगमध्ये घालायला हव्यात. "मी घालते," लेक म्हणाली, या वेळी हळूच.

"नाही. मीच." तो बायकोकडे वळला. "बटण तू लाव. मी सांगितल्यावरच."

मघाशी ज्या प्लगवर मिक्सर फिरला होता, त्यातच त्याने टोकं खुपसली. सदरा पाठीला चिकटला होता. "लाव," तो म्हणाला.

दिवा लागला नाही. हाही बल्ब गेलेलाच होता.

बायकोने निजायच्या खोलीतला झीरोचा बल्ब आणून दिला. तो बसवून त्याने पुन्हा टोकं घातली, पुन्हा डोळे मिटून "लाव" म्हटलं. डोळे उघडले तेव्हा बल्ब जळत होता.

मग बटण बंद करवून त्याने तीच टोकं कपॅसिटरला लावली. चट् असा आवाज झाला, बल्ब एकदाच पिवळा लवला आणि विझला. लेकीने दोन्ही हात मागे ओढून छातीशी धरले.

त्याने बल्ब परत प्लगवर लावून पाहिला. लागला. कपॅसिटरला लावला, लागला नाही.

"आता घाल हात," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

संध्याकाळपर्यंत लेकीने आतला ओलावा पुसला, गंज धरलेले जोड स्पिरिटने साफ केले, झाकण बसवलं. कॅमेरा चालू झाला. फ्लॅश तेवढा कायमचा गेला. "भांड्यांना उन्हात फ्लॅश लागतो कुठे?" ती म्हणाली.

खोलीत अंधारून आलं. वायरमन उठला आणि रोजच्यासारखा स्विचबोर्डापुढे थबकला. लेक जवळच होती. तिचा हात बटणाकडे गेला आणि मागे आला. तिने खिळ्यावरची फूटपट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने फूटपट्टीच्या टोकाने दिवा लावला.