ब्राउझरने डोकं चालवू नये

पालिकेच्या वेबसाइटचा कारभार ज्यांच्या हाती होता, त्यांना सगळे सर्व्हरसाहेब म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. साहेबांचं एक ठाम मत होतं: सांगितलं तेवढंच करावं, स्वतःचं डोकं चालवू नये. घरी बायकोपुढे हे मत कधी टिकलं नाही, म्हणून त्यांनी ते सर्व्हरवर लादलं होतं.

त्याचं असं आहे. सर्व्हर कुठलीही फाइल धाडतो तेव्हा सोबत एक चिठ्ठी लावतो: हे चित्र आहे, हे गाणं आहे, हे प्रेझेंटेशन आहे. या चिठ्ठीला माइम टाइप म्हणतात. समोरचा ब्राउझर चिठ्ठी वाचून फाइलचं काय करायचं ते ठरवतो. चिठ्ठी चुकली तर पुष्कळदा तो आत डोकावतो, अंदाज बांधतो आणि वेळ मारून नेतो. साहेबांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं की असा अंदाज धोक्याचा असतो. परत आल्याबरोबर त्यांनी दोन हुकूम लिहिले. ज्या फाइलची ओळख नाही ती साधा मजकूर समजावी, आणि ब्राउझरने डोकं चालवू नये. दुसरा हुकूम शहाणपणाचा होता. पण नव्या धाटणीच्या प्रेझेंटेशनची ओळख त्या जुन्या सर्व्हरला कुणी करूनच दिली नव्हती, त्यामुळे पहिल्यानं सगळा घोटाळा केला.

तेव्हापासून पालिकेच्या साइटवरचं कुठलंही प्रेझेंटेशन उघडलं की पडदाभर अगम्य चिन्हं सांडत. सुरुवातीला पी आणि के ही दोन अक्षरं, पुढे नुसता मुंग्यांचा बाजार.

तक्रार एकही आली नाही. पालिकेच्या सभेच्या अध्यक्षबाईंचा नियमच होता की सभासदांनी प्रेझेंटेशन घरून वाचून यावं, सभेत पडदा लावायचा नाही. मुंग्या पाहून प्रत्येकाला वाटे, बिघाड आपल्याच यंत्रात आहे. किंवा त्याहून वाईट, आपल्या डोक्यात. मग झाकली मूठ ठेवून सगळे सभेला येत, मान डोलावत, आणि ठराव एकमताने पास होत. एवढी एकी पालिकेत पूर्वी कधी नव्हती. साहेब स्वतः तपासत ते साइटवरून नाही, आपल्याच कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइलवर क्लिक करून. ती का नाही उघडणार?

यंदा प्रेझेंटेशन करायची पाळी त्यांच्या बायकोवर आली. ती पालिकेचं वाचनालय सांभाळायची. वाचनालयाची खोली काढून घेऊन तिथे अधिकाऱ्यांच्या गाड्या लावायच्या, असा प्रस्ताव मालमत्ता खात्याच्या अधिकाऱ्यानं आणला होता. हा अधिकारी म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. म्हणजे साहेबांची पंचाईत दुहेरी.

खोली वाचनालयाकडेच राहावी म्हणून तिनं जीव ओतून काम केलं. खिडकीपाशी बसून एकमेकांना पेपर वाचून दाखवणारे दोन म्हातारे, घरात अभ्यासाला जागा नाही म्हणून येणाऱ्या मुली, सगळ्यांचे फोटो घातले.

"अहो, नीट चढवलंत ना साइटवर?"

"अगं, माझं आयुष्य गेलं यात. उघडतंय झकास."

सभेत आधी भावाचा विषय निघाला. एक सभासद म्हणाले, मांडणी फार सखोल आहे. दुसरे म्हणाले, दोनदा वाचावी लागली. वाहनतळ एकमताने मंजूर झालं. मग बहिणीचा विषय आला. मांडणी पुन्हा सखोल निघाली, पुन्हा दोनदा वाचावी लागली, आणि वाचनालयही एकमताने मंजूर झालं.

सभेचा वृत्तांत लिहिणारी कारकून घुटमळली. "मॅडम, दोन्ही त्याच खोलीत?"

अध्यक्षबाईंनी सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी पंख्याकडे पाहिलं.

"पुढच्या सभेला पुन्हा वाचून या," बाई म्हणाल्या.

बायको तडक वाचनालयात गेली आणि तिथल्या कॉम्प्युटरवर आपलंच प्रेझेंटेशन उघडलं. पडदाभर मुंग्या. तिनं नवऱ्याला बोलावून घेतलं. साहेबांनी वाकून पाहिलं. आपले दोन्ही हुकूम त्यांना अक्षरशः आठवले.

"हेच का झकास?" तिनं विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं.

"एका ओळीचं काम आहे," ते घाईनं म्हणाले. "या जातीच्या फाइलला प्रेझेंटेशनची चिठ्ठी लावायची, की झालं. आणि ऐक ना, ती ओळ फक्त तुझ्या फाइलपुरतीही लिहिता येते. तुझं उघडेल, तुझ्या दादाचं नाही उघडणार. सभा तुझीच!"

"दादाचंही उघडू द्या. न वाचता मिळालेला होकार काय चाटायचाय? आज मिळालाच होता की."

"सगळ्यांसाठी लिहिली तर सगळंच उघडेल."

"मग उघडू द्या ना."

या सगळ्यात साहेबांच्या वेब विभागाचे वार्षिक अहवालही होते. आपलं कुणी वाचत नाही एवढं त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. का वाचत नाही, याचा मात्र त्यांनी शोध घेतला नव्हता. दरवर्षी ते प्रेझेंटेशनचा कोरा साचा घेत, फाइलच्या नावात वर्ष बदलत आणि आत एक शब्दही न भरता चढवून देत. बायकोनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चेहऱ्याला वेगळी चिठ्ठी लागत नाही.

"तुमचंही?" ती म्हणाली.

"माझंही."

ती टेबलावरची पुस्तकं उचलून जागेवर लावायला लागली. साहेबांना स्वतःची खरोखर लाज वाटली. ते उठले, कचेरीत गेले आणि ओळ लिहिली, सगळ्यांसाठी.

पुढच्या सभेत भांडण जुंपलं. सभासद खरंच वाचून आले होते. कुणी विचारलं, म्हातारे कुठे जातील? कुणी विचारलं, जो अधिकारी चालत येतो त्याची गाडी कुठली? मेहुणेही गप्प बसणारे नव्हते, त्यांनी टेबल आपटून उत्तरं दिली. शेवटी मतदान घ्यावं लागलं आणि वाचनालय एका मताने वाचलं. बायकोनं पदरानं डोळे टिपले. साहेबांचा ऊर भरून आला.

अध्यक्षबाई मात्र घामाघूम झाल्या होत्या. "हे वाचायला लागल्यापासून फार वेळ जातो बाई," त्या म्हणाल्या. "साहेब, साइट पूर्वी होती तशी करा. आम्ही तुमचा अहवालही पाहिला. पूर्वीसारखी करून टाका, मग तो मंजूर समजू. त्यात अडचण काही नाही ना?"

मेहुण्यांनी हळूच कोपर मारलं. "दाजी, सांगा ना, जमेल म्हणून. सुटताय स्वस्तात."

नोकरीभर साहेबांनी प्रत्येक प्रश्नाला 'तांत्रिक अडचण' हे एकच उत्तर दिलं होतं. आताही ते जिभेवर आलं. नुसतं तेवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं.

"अडचण काहीच नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी करणार नाही, एवढंच."

सभागृहात चुळबुळ झाली. बाईंनी चष्मा चढवला आणि समोरची अहवालाची छापील प्रत त्यांच्याकडे सरकवली.

"बरं. मग नियमानं होऊ दे. तुमच्या अहवालाचं पहिलं पान वाचून दाखवा. मोठ्यानं."

साहेब उभे राहिले. घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "येथे शीर्षक लिहा."