गुंडूआबांचा तिसरा दिवस

पुण्याच्या पेपरात रोज तीन चौकटी काढून अख्ख्या जिल्ह्याला हसवणारा माणूस किती गप्पिष्ट असेल, असं कुणालाही वाटेल. पण दौंड स्टेशनामागच्या गल्लीत एकटा राहणारा महेंद्र दिवसभरात बोलायचा दोघांशीच. एक दूधवाला, त्याच्याशी फक्त "अर्धा". आणि दुसरे समोरचे हौसराव आबा, त्यांच्याशी मात्र पोटभर.

कारण त्याच्या चौकटींमधले गुंडूआबा म्हणजे हुबेहूब हौसराव. तेच टक्कल, त्याच झुपकेदार मिशा आणि नको तिथं नाक खुपसायची तीच हौस. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून आबांना दुसरा उद्योग नव्हता. सकाळी शाळेसाठी त्यांच्याकडे राहिलेल्या नातीकडून, वैष्णवीकडून, पेपर वाचून घ्यायचा आणि मग महेंद्रच्या टेबलाशी येऊन बसायचं.

"आज माझी लई बदनामी केली रं," म्हणायचे, आणि खूश व्हायचे.

महेंद्र पुढच्या आठवड्याची सहाही चित्रं आधीच काढून ठेवायचा. पुण्याला नोकरीला जाणारा नवनाथ सोमवारी सकाळच्या गाडीने पाकीट घेऊन जायचा आणि पेपरच्या ऑफिसात पोचवायचा, आत काय आहे ते न विचारता. म्हणजे आज जे छापून आलंय, ते काढून कधीच आठवडा उलटून गेलेला असे. ही गंमत अख्ख्या गल्लीत एकट्या आबांना माहीत होती. बाकी लोकांना वाटायचं, महेंद्र पहाटे उठून काढतो आणि सकाळी ते छापून येतं. महेंद्रनेही कधी कुणाला समजावलं नाही. समजावणार कुणाला, बोलणं होतं कुणाशी?

नव्व्याण्णव सालच्या थंडीत एकदा आबा म्हणाले, "एकदा मला मारून बघ की."

"काहीतरीच काय आबा."

"अरं खोटं खोटं. किती जणं खरंच रडत्यात, त्ये तरी कळंल."

महेंद्रने काढलं. पहिल्या चौकटीत गुंडूआबा ओट्यावर आडवे पडलेत, शेजारीण म्हणते, "आबा गेले वाटतं." दुसरीत अख्खी गल्ली गोळा होऊन ऊर बडवतेय, एकाने हारही आणलाय. तिसरीत आबांचा एक डोळा उघडा: "हार राहू द्या, चहा टाका." हौसराव ते बघून इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पाकीट पुण्याला गेलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी हौसराव जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

महेंद्र खांदा देऊन आला आणि घरात नुसता बसून राहिला. बुधवारी दुपारी समोरच्या घरातून सावडायला जायची बोलणी ऐकू आली. उद्या सकाळी सात. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं. उद्या गुरुवार. उद्याच ते चित्र.

तो होता तसा स्टेशनावर पळाला आणि मिळेल त्या गाडीत चढला. पुण्यात ऑफिसात पोचला तेव्हा दिवे लागले होते. पानं लावणारे संपादक भले माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीकडे हात केला. खाली मशीनची धडधड चालू होती.

"महेंद्र, बाहेरगावचा अंक आधी छापतो आपण, गाड्या लांब जातात म्हणून. तुमचं दौंड, शिरूर आता मशीनवर आहे. शहराच्या अंकातून काढतो हवं तर."

शहरात हौसरावांना ओळखणारं काळं कुत्रंही नव्हतं. तरी महेंद्र म्हणाला, "काढा."

गुरुवारी उजाडल्या उजाडल्या तो समोरच्या दारात उभा राहिला. मांडवाखाली माणसं जमलेली. शिरूरला राहणारा आणि रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेला आबांचा मुलगा इंद्रजीत हातात पेपर धरून उभा होता.

"महेंद्रदादा, तिसरा दिवस हाय आज," इंद्रजीत हळूच म्हणाला. "एवढं तरी बघायचं."

"मी आधी काढलं होतं ते. आबा असतानाच."

"पेपर आजचा हाय की."

"आठवडाभर आधी जातात चित्रं. आबांनीच सुचवलं होतं हे, इंद्रजीत. माझ्यासमोर बसून हसले होते."

"आसंल. आता त्यांना कुठं जाऊन इचारू?"

कोपऱ्यातून एक म्हातारा पुटपुटला, "मेल्या माणसाच्या नावावर काय बी खपवत्यात." महेंद्रला ते ऐकू आलं. जे खरं होतं ते सांगून झालं होतं, आणि त्याचा एकुलता साक्षीदार कालपरवाच जळून गेला होता.

आत सोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आबांची बायको. त्यांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"वैष्णवी दोनच चौकोन वाचून रडाय लागली. तिसऱ्यात काय हाय?"

"उठतात काकू. म्हणतात, हार राहू द्या, चहा टाका."



"व्हय. आसंच बोलायचे." मग म्हणाल्या, "तुझ्यावर राग न्हाई, लेकरा. तू काढ तुझं. पण हिकडं नको येत जाऊ आता. तू दिसलास की ह्ये बी मागनं येतील आसं वाटतंय."

तो उठला. सावडायला सगळे गेले, त्याला कुणी चल म्हटलं नाही.

शनिवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली, पुण्याहून फोन. संपादक होते.

"अहो, गुरुवारी शहराच्या अंकात तुमची जागा रिकामी गेली ना, तीन वाचकांचे फोन आले. एक बाई तर विचारत होत्या, गुंडूआबा आजारी आहेत का म्हणून. काय सांगू त्यांना?"

बूथच्या काचेतून समोरचं घर दिसत होतं. दार लोटलेलं होतं.

"बरे आहेत म्हणून सांगा," महेंद्र म्हणाला.

"आणि सोमवारी पाकीट येतंय ना?"

"येतंय."

फोन ठेवून तो घरी आला. कोरा कागद टेबलावर पसरून त्याने तीन चौकटी आखल्या आणि पहिल्या चौकटीत मिशा काढायला घेतल्या.