एक जूनच्या त्रेचाळीस गायी

बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासात प्रगती शिकवायची. आठवड्याचे सहा दिवस तेच ते शिकवून तिचा जीव विटून जाई. पण रविवारी क्लास बंद, मशीन मोकळं आणि किल्ली तिच्याकडे. अशा चाळीसेक रविवारांतून तिने एक छोटासा प्रोग्राम उभा केला. गाय वळूला दाखवून भरवल्याची तारीख घातली की ती कधी विणार ते तो सांगायचा, आणि कुठल्या आठवड्यात कुठल्या गावात कुणाची गाय विणार त्याची यादीही छापून द्यायचा. नाव ठेवलं ‘गाभण’. क्लासातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. हसू देत बापड्या.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी झाली आणि ती फ्लॉपी घेऊन आपल्या गावी, निमगाव केतकीला आली. तिथले जनावरांचे डॉक्टर मोहनराव यांनी हौसेने कॉम्प्युटर घेतला होता, आणि तो वर्षभर कव्हर पांघरून निजला होता. डॉक्टर म्हणाले, “तीन आठवडे चालवून बघतो. कामाचा निघाला तर ठेवू, नाहीतर पुसून टाकायचा. मला नसता ताप नको.” दवाखान्यात नोंदी करायचं काम कंपाउंडर बिरदेवमामांकडे आलं. प्रगतीने त्यांना कुठली कळ दाबायची ते दोनदा शिकवलं आणि हवेत तरंगत बारामती गाठली.

दोन आठवड्यांनी, रविवारी, ती परत आली. जनावरांना रविवार नसतो, त्यामुळे दवाखाना उघडाच होता. डॉक्टरांनी छापलेला कागद तिच्यापुढे आपटला.

“वाच. अकरा मार्चला त्रेचाळीस गायी विणार. त्रेचाळीस! मी काय हात-पाय वाटून पाठवू का गावोगाव?”

प्रगतीने घाईघाईने मशीन सुरू केलं. नोंदी उघडून बघते तो प्रत्येक गाय एक जूनलाच भरवलेली.

“मामा, हे काय केलंत?”

बिरदेवमामा निवांत होते. “तुझं मशीन तारखेबिगर म्होरं सरकंना. लोकास्नी तारीख कुठं ठावं आसती? मग शाळंत गुर्जी टाकायचं तशी एक जून टाकली. कुणाची तक्रार न्हाय.”

तिला रडावं की हसावं कळेना. तिची स्वतःची जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यावर एक जूनच होती, वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी.

“एकच आठवडा उरलाय,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या रविवारी ये आणि पुसून जा.”

वर्षाचे रविवार गेले पाण्यात. बाहेरच्या बाकावर बसून प्रगती मनातल्या मनात अख्ख्या गावावर करवादत होती. साधी तारीख लक्षात ठेवता येत नाही माणसांना! तेवढ्यात वस्तीवरच्या छबूबाई आल्या. दूध कधी आटवायचं याचा आपला हिशोब पडताळून घ्यायला त्या आल्या होत्या, कारण गाय विण्याआधी दोन महिने तिचं दूध काढणं थांबवावं लागतं.

प्रगतीने तिरसटपणेच विचारलं, “मावशी, गाय भरवली कधी?”

“पाडव्याच्या पाठचा बाजार. त्या दिशी मी शेरडू इकलं, आन् येताना गाय माजावर आलेली दिसली.” छबूबाई जराही अडखळल्या नाहीत.

प्रगती भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेली. गुढीपाडवा सापडला. पुढच्या बाजाराच्या दिवसावर बोट ठेवलं, आणि तिचा सगळा राग तिच्यावरच उलटला. नेमकी एकच तारीख निघाली, एका दिवसाचाही घोळ नव्हता. लोकांना सगळं लख्ख आठवत होतं, विचारायची रीत तेवढी हिची चुकली होती. खरं सांगायचं तर तिला स्वतःची लाज वाटली.

मग तो आठवडा! क्लास सुटला की ती कॅलेंडर मांडीवर घेऊन बसे. दोन वर्षांचे सण, अमावास्या आणि निमगावचे बाजार एकेक करून तिने प्रोग्राममध्ये भरले. आता तो तारखेसाठी अडून बसत नव्हता. आधी सण विचारायचा, मग त्याच्या आदला बाजार की पाठचा, आणि तारीख आपली आपण काढायचा. उत्तरही तसंच द्यायचा.

रविवारी तिने फ्लॉपी घातली तेव्हा डॉक्टर हाताची घडी घालून मागे उभे होते. छबूबाईंना मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. बिरदेवमामांनी एकेक कळ दाबत ‘पाडवा’ निवडला, ‘पाठचा बाजार’ निवडला. प्रिंटर करकरला. मामांनी कागद फाडून मोठ्याने वाचला, “संक्रांतीच्या दोन दिवस आधी विणार. दूध आत्ताच आटवा.”

छबूबाईंनी बोटांची पेरं पुन्हा एकदा मोजली. प्रगतीही त्यांच्याबरोबर मनात मोजत गेली.

“बराबर हाय,” छबूबाई म्हणाल्या. “मी बी तेवढंच मोजलं हुतं. पोरी, तुझ्या मशीनला आता कळाया लागलं.”

दारातला एक पागोटेवाला पुढे सरकला. “आमी डाळजचं. आमास्नी भिगवणचा बाजार. त्यो हाय का ह्यात?”

“नाही,” प्रगती घाबरत म्हणाली आणि तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली. “मग बघतेस काय? घाल तोही. आणि आणखी एक फ्लॉपी करून दे. इंदापूरला माझा एक डॉक्टर मित्र आहे, त्याच्याकडे माझ्या दुप्पट गायी आहेत.”

प्रगती खुर्चीत बसली. डोळे पुसायला तिला वेळच नव्हता, कारण डाळजचे पागोटेवाले आबा बाजाराचे दिवस सांगायला लागले होते.