अनवाणी पायांचं अर्थिंग

सरांच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन चावायचं. पत्र्याला हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या! यावर घराने काय उपाय केला? मशीनपाशी रबरी स्लिपर आणून ठेवल्या. सरांचा जोड, बायकोचा जोड, मुलाचा जोड. वरच्या मजल्यावर फ्रीज चावायचा, खालच्या मजल्यावर गिझर, आणि अख्खी इमारत स्लिपर घालून सुखाने नांदत होती. हसू नका. तुमच्या घरात काय चालतं ते आठवा.

आणि सर शिकवायचे काय? इलेक्ट्रॉनिक्स! डायोड करंटला एकाच दिशेने का सोडतो, बॅटरीच्या एका टोकातून निघालेल्या करंटला दुसऱ्या टोकाशी परतायची वाट नसेल तर सर्किट का चालत नाही, हे ते फळ्यावर इतकं सुरेख काढायचे की मागच्या बाकावरची झोपाळू पोरंही जागी व्हायची. घरी मात्र फळा नव्हता. घरी नव्या टाइल्स होत्या.

एकदा सरांची मोठी बहीण राहायला आली. विजेची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने सगळी नोकरी केली होती. मशीनला हात लागताच ती दचकली, मेन स्विच बंद केला आणि स्क्रू काढून बोर्ड उघडून बसली.

"अरे, तिसऱ्या भोकामागे काहीच नाही! अर्थिंगची तार कुठाय?"

"नाहीच आहे, ताई. बांधतानाच ओढली नाही त्यांनी. आता ओढायची तर भिंत फोडावी लागेल. आत्ताच कुठे टाइल्स बसवल्यात."

सरांची बायको हसत म्हणाली, "आमचं मशीन पाहुण्यांनाच चावतं हो, वन्सं. घरच्यांना बरोबर ओळखतं."

"घरच्यांना नाही, ते रबराला ओळखतं," ताई म्हणाली. "आज नुसत्या मुंग्या येतायत. उद्या आतल्या वायरचं आवरण झिजलं की विजेचा सगळा दाब पत्र्यावर येईल. तार असती तर करंट तिच्यातून धावला असता आणि फ्यूज उडाला असता. तार नाही, म्हणजे मशीन गप्प उभं राहणार. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं कुणीतरी हात लावेपर्यंत! आणि दाराबाहेर ती झिजलेली चप्पल कुणाची रे?"

ती मावशींची. मावशी म्हणजे घरकामाची बाई. ती त्या घरात कुणाचीच मावशी नव्हती. नाव विचारायचे कष्ट वाचावेत म्हणून आपण हे नातं वापरतो. बाहेरची चप्पल आत आणायची नाही, हा घरचा नियम. ओल्या फरशीवरचं काम सगळं तिचं, आणि तिथे अनवाणी वावरणारी घरात ती एकटी!

मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "मी चिमट्याने बटण दाबते हो, ताई. चावऱ्या कुत्र्याशी लांबूनच बोललेलं बरं."

त्यांच्या हातात कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा होता. सगळे हसले. ताई हसली नाही.

"भिंत नंतर फोडा. आज यांना एक स्लिपरचा जोड तरी द्या."

बायको आवाज खाली करून म्हणाली, "आपल्या घरातल्या चपला त्यांच्या पायात? कसं दिसेल ते?"

"तू तरी बोल," ताई भावाला म्हणाली. "तू शिकवतोस ना रे हे?"

सर म्हणाले, "बघू. सुट्टी लागली की करतो."

सुट्टी लागायच्या आधीच मशीन मध्येच अडकलं. घाईची सकाळ होती. मावशींनी दार ओढून उघडलं, फरशीवर पाणी आलं, आणि आतले पिळे उपसायला त्यांनी दुसरा हात पत्र्यावर टेकवला. चिमटा दोरीवर होता.

शेजारीपाजारी जमले. म्हणाले, वेळ भरली होती बिचारीची. खोटं! साफ खोटं! वेळबीळ काही नव्हती. करंटला जमिनीत जायला तार हवी होती. ती कुणी दिली नाही, म्हणून त्याला एका बाईचं शरीर दिलं गेलं. सगळ्यांना माहीत असून दिलं गेलं!

काही दिवसांनी मावशींची मुलगी आली. आत आली नाही.

"आईची चप्पल न्यायला आलेय."

ती दाराबाहेर तशीच होती. टाच झिजलेली, अंगठ्यापाशी शिवलेली. सर ती उचलायला वाकले.

"राहू द्या, मी घेते," मुलगी म्हणाली. मग विचारलं, "मशीन चावतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"म्हणून तुम्ही स्लिपर घालायचात?"

"हो."

"आणि आई?"

मुलीने चप्पल कागदात गुंडाळली नाही, पिशवीत टाकली नाही. छातीशी धरून जिना उतरली.

त्या दिवशी सरांनी स्वतः छिन्नी-हातोडा घेतला. टाइल्स फुटल्या. बायको अडवायला आली नाही, ती भुईवर बसून तुकडे वेचत राहिली, आणि मध्येच ओंजळीत तोंड घालून म्हणाली, "एक जोड, हो! नुसता एक जोड!" अर्थिंगची तार ओढली गेली. मशीन चावायचं थांबलं. पण कुणासाठी थांबलं? सर दारोदार फिरून सांगू लागले, तार ओढून घ्या. लोकांनी हळहळ व्यक्त केली, चहा दिला आणि विषय बदलला. वरच्या मजल्यावर फ्रीज अजून चावतो. तिथे कामाला नवी बाई आली आहे. तिची चप्पल दाराबाहेर असते.

नागरिकहो, वीज माणसामाणसांत फरक करत नाही. तो आपण करतो, आणि कुणाच्या पायाखाली रबर द्यायचं ते ठरवून विजेला वाट आखून देतो. जो धोका स्वतःपुरता टाळला आणि दुसऱ्यासाठी तसाच ठेवला, त्याला अपघात म्हणू नका. त्याला खून म्हणा. आता हे वाचायचं थांबवा, उठा, आणि तुमच्या घरात राबणाऱ्या बाईच्या पायांकडे बघा.