उताऱ्याची चिठ्ठी

"सर, फलटणपासून जतपर्यंत एकशे बारा दवाखाने झाले," शिवांजली म्हणाली. "हे औषध लिहिणारे फॅमिली डॉक्टर तुम्ही एकटेच सापडलात."

तिनं हातातला टॅब डॉ. नागसेन सरताप्यांकडे वळवला. मेडिकल कॉलेजात शिकणारी ही मुलगी सातारा-सांगलीतल्या औषधांच्या दुकानांत जुन्या चिठ्ठ्या तपासत कवठे महांकाळपर्यंत आली होती. पडद्यावर एकच नाव खाली खाली उतरत गेलं होतं, नॅलॉक्झोन. मॉर्फिनसारख्या जहाल वेदनाशामकाची मात्रा जास्त झाली आणि माणसाचा श्वास बंद पडायला लागला, तर त्यावर उतारा म्हणून द्यायचं इंजेक्शन.

"एकेचाळीस चिठ्ठ्या. कॅन्सरच्या पेशंटला मोठ्या दवाखान्यानं मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, किंवा अंगाला चिकटवायची वेदनेची पट्टी दिली, की जोडीला तुमचं हे इंजेक्शन आहेच. मेडिकलवाला सांगत होता, सरांसाठी मुद्दाम मिरजेहून मागवतो म्हणून. पण हे सगळं तीन वर्षांतलं. त्याआधी एकही चिठ्ठी नाही. काय झालं होतं सर तेव्हा?"

"काही नाही. वाचनात आलं."

तिनं ते लगेच टिपून घेतलं. आजवर हे खोटं फक्त तोंडात होतं, आता ते कागदावर गेलं, असं डॉक्टरांच्या मनात आलं.

"घरच्यांना तुम्ही सुई टोचायलाही शिकवता म्हणे."

"मांडीत टोचायची. मोसंबीवर सराव करून घेतो."

"कधी उपयोग झाला?"

"एकदा." डॉक्टर म्हणाले. "ढालगावची रेश्मा म्हणून आहे. तिच्या सासूनं, बायडाबाईनं, सकाळच्या गोळ्या विसरून दोनदा घेतल्या. दुपारी रेश्मा जेवायला उठवायला गेली तर म्हातारीचे ओठ निळे. पोरीनं लुगड्यावरूनच सुई मारली आणि मग मला फोन केला. मी पोचलो तेव्हा म्हातारी ओरडत होती. या औषधानं श्वास परत येतो, तशी दबलेली कळही परत येते. 'कशाला उठीवलंस गं मला?' म्हणून सुनेला शिव्या देत होती."

"मग?"

"अडतीस दिवस जगली. शेवटच्या आठवड्यात सुनेकडून रोज केस विंचरून घ्यायची."

शिवांजलीचे डोळे चमकले. "सर, हे लिहायलाच हवं. तुमच्यामुळे एक जीव वाचला. शोधनिबंधात तुमच्या दवाखान्याचं उदाहरण सगळ्यात वर घेते मी."

ती सामान आवरून दारापर्यंत गेली तेव्हा डॉक्टरांनी हाक मारली.

"ते 'वाचनात आलं' तेवढं खोडा. खरं कारण उद्या फोनवर सांगतो. त्याआधी ते दुसऱ्या एका माणसाला सांगायचंय."

खरं कारण हंबीरराव होते.

तीस वर्षांपूर्वी नागसेननं इथं दवाखाना उघडला, तेव्हा पहिले दोन महिने त्याच्याच समाजाची माणसं तेवढी येत. वरच्या गल्लीतले लोक पाटी वाचून पुढं जायचे. मग एक दिवस त्याच गल्लीतला, फौजेतून सुट्टीवर आलेला हवालदार हंबीरराव गणवेशातच आत शिरला, बाकावर मधोमध बसला आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डॉक्टर, खोकला लय झालाय. बघा जरा." छाती अगदी साफ होती. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर तो हसून म्हणाला, "मला ठावं हाय. पन लोकांनी बघाय नगं व्हय?" दुसऱ्या आठवड्यापासून बाक भरायला लागला.

त्याच हंबीररावांच्या हाडांत म्हातारपणी कॅन्सर उतरला. मिरजेहून पट्ट्या मिळाल्या, तीन दिवसांनी बदलायच्या. जानेवारीतली थंडी होती. त्यांची बायको, बनुबाई, दवाखान्यात आली आणि म्हणाली, "पट्टी लावूनबी ह्येंची कंबार ठणाकतीया." बाहेर पंधरा पेशंट होते. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "गरम पाण्याच्या पिशवीनं शेका, बरं वाटेल." गेली कित्येक वर्षं कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बोलावणं आलं. हंबीरराव घोरत होते, पण मिनिटाला चारच श्वास. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं, तर पट्टी कमरेवरच आणि तिच्याखालची कातडी लालबुंद. रात्रभर शेक बसून तीन दिवसांचं औषध एकदम अंगात उतरलं होतं. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. कशानं उतरेल, हेही कॉलेजात पाठ केलेलं आठवलं. पण इतक्या वर्षांत ते औषध त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, की बॅगेत ठेवलं नव्हतं. पट्टी ओरबाडून त्यांनी हंबीररावांना जीपच्या मागच्या बाकावर घातलं आणि रुमाल लावून तोंडानं श्वास देत मिरजेचा रस्ता धरला. भोसे गाव यायच्या आत छाती थांबली.

मृत्यूच्या दाखल्यावर त्यांनी कॅन्सर लिहिलं. गाव म्हणालं, सुटले बिचारे.

तेव्हापासून डॉक्टरांना एक खोड लागली. एसटीत शेजारी कुणी पेंगलं, दुपारी बायको आडवी झाली, बाकावर एखादं लेकरू आईच्या मांडीवर झोपलं, की त्यांची नजर छातीवर जायची आणि मनात मोजणं सुरू व्हायचं. एक. दोन. दोन श्वासांमध्ये जरा जास्त वेळ गेला, की भोशाचा रस्ता समोर यायचा आणि जिभेवर त्या रुमालाची चव. वरच्या गल्लीतून जायचं मात्र त्यांनी सोडलं होतं. बनुबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या ते कुणाकडून तरी पाठवून देत.

त्या दिवशी चार वाजता दवाखाना बंद करून ते त्या गल्लीत शिरले. बनुबाई ओसरीवर सुपात बेदाणे निवडत बसल्या होत्या.

"आवं डॉक्टर, ह्या वक्ताला? कोन आजारी हाय?"

"कोन न्हाई, वैनी. तुमच्याकडंच आलोय."

त्यांनी पुढं केलेल्या चटईवर डॉक्टर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "हंबीरराव कॅन्सरनं गेले न्हाईत."

बनुबाईंचा हात सुपात तसाच राहिला.

"त्या पट्टीला शेक लागला की औषध जोरात अंगात उतरतं. पट्टी कमरेवर हुती आनि मी तुमाला शेकायला सांगितलं. पट्टी कुठं लावलीया, एवढंसुदिक इचारलं न्हाई."

"म्हंजे मी शेकलं म्हनून."

"मी सांगितलं म्हनून, वैनी."

"त्या दिशी जीपमंदी तुमी त्येंच्या तोंडात वारं भरत हुता."

"त्येनं भागनारं नव्हतं. एक इंजेक्शन लागत हुतं. मला ठावं हुतं, पन जवळ नव्हतं."

"आनि असतं तर?"

"उठलं असतं. दुखलं असतं लय. पन उठलं असतं."

"किती दीस काडलं असतं?"

"दोन महिनं. लय तर तीन."

हा आकडा डॉक्टरांनी स्वतःला हजारदा सांगितला होता. दोनच महिने, तेही कण्हत काढायचे. त्या आकड्यानं त्यांना थोडा तरी आधार दिला होता.

बनुबाईंनी अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जयराज नऊ दिसांनी येनार हुता सुट्टीवर."

जयराज बनुबाईंचा एकुलता मुलगा, बापासारखाच फौजेत. तो आला तेव्हा बापाच्या तिसऱ्याचा विधीही होऊन गेला होता, एवढं डॉक्टरांना माहीत होतं.

"मी ह्यास्नी रोज सांगत हुते, धा दीस ऱ्हायलं, नऊ दीस ऱ्हायलं. त्या राती म्हनलं, दाढी करून घ्या आता, प्वार तसाच बघंल व्हय तुमाला? तर म्हनले, उद्या करू." त्यांनी एक बेदाणा उचलला, देठ काढला. "लोक म्हनले सुटले. मीबी म्हनले. त्येस्नी सुटायचं नव्हतं, डॉक्टर."

"व्हय."

"तीन वर्सं लागली तुमाला ह्या दारात यायला."

"व्हय, वैनी."

त्या ओरडतील, निदान जा म्हणतील, असं त्यांना वाटलं होतं. दोन्हीपैकी काही झालं नाही. बनुबाईंनी कमरेची पिशवी सोडली, मोबाईल काढला आणि सावकाश एक बटण दाबून धरलं.

"त्येला मी न्हाई सांगायची. माझ्या तोंडातनं निगायचं न्हाई. तुमीच सांगा."

फोन त्यांनी पुढं केला. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पलीकडं रिंग वाजत होती. उचलला जाऊ नये, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

"बोल आई."

"जयराज, मी डॉक्टर सरतापे."

"आईला काय झालं?" आवाज एकदम चढला.

"आई बरी हाय. हितं माझ्यासमोर बसलीय. तुझ्या वडलांचं सांगायचंय."

पलीकडं नुसताच वारा वाजत राहिला, मोकळ्या डोंगरावरचा असावा तसा. मग तो म्हणाला, "बोला."

बनुबाईंनी सूप खाली ठेवलं. मयताचा निरोप ऐकताना बायका घेतात तसा पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि त्या ऐकायला बसल्या.