कबरस्तानातल्या नळाची मूठ

मी एक जुना नळ आहे, मित्रांनो. पितळेचा. आणि आधीच सांगून टाकतो, कबरस्तानातला आहे. घाबरू नका. इथं आत झोपलेली माणसं कुणाला त्रास देत नाहीत. जो काही त्रास असतो तो फाटकाच्या बाहेरून येतो.

मला ओतलं लांबच्या शहरात, एका भट्टीत. तिथून पेंढ्यात गुंडाळून आणलं फ्रान्सच्या दक्षिणेला, केर्सीच्या माळावर, आणि चर्चला लागून असलेल्या या भिंतीत बसवलं. माळ म्हणजे काय, नुसता पांढरा दगड. पाऊस पडतो आणि चुनखडीत गडप होतो. खुरटी ओकची झाडं, रचलेल्या दगडांचे बांध, डोळ्यांभोवती काळा चष्मा घातल्यासारख्या मेंढ्या, आणि मधून गेलेल्या खडीच्या वाटा. इथं पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही.

माझं काम थडग्यांवरच्या फुलांना पाणी देण्याचं. नोव्हेंबरात मेलेल्यांचा दिवस येतो, तेव्हा सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन येतं. माझ्यापुढं हिरव्या झाऱ्यांची रांग लागते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या सुनेनं साधी कुंडी आणली, सगळं मला कळतं. थंडी पडली की मला गोणपाटात गुंडाळतात. बरं चाललं होतं.

मग ते सायकलवाले आले. डांबरी रस्त्यावरचे नव्हेत, खडीच्या वाटांवरचे. जाड चाकं, वाकडे दांडे, अंगावर पांढरी धूळ. त्यांच्यात एक गोष्ट एकमेकांकडून शिकतात: लांबून सुरूची उंच काळी झाडं दिसली की तिथं कबरस्तान, आणि कबरस्तान आलं की नळ. गावातलं दुकान बंद पडलं, कॅफे बंद पडला, पण मेलेली माणसं कुठं जातात? ती आहेत तोवर नळ आहे. ते यायचे, बाटल्या भरायचे, डोकं माझ्याखाली धरायचे. जाताना थडग्यांकडं बघून आभारही मानायचे. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू.

पण एकानं घोळ केला. पाय धुतले आणि ओले मोजे वाळत घातले कुठं? सोलांजबाईंच्या नवऱ्याच्या, फेर्नांच्या क्रुसावर. सोलांजबाई फाटकाला लागूनच राहतात. बघितलं त्यांनी. त्या दिवशी त्यांचा आवाज मेंढ्यांनीही ऐकला असेल. सरपंचाला, रेजिसला, बोलावून त्या म्हणाल्या, "माझ्या फेर्नांनं जिवंतपणी स्वतःचे मोजे कधी दोरीवर टाकले नाहीत. आता परक्याचे वाळवतोय."

रेजिस हसला, तिथंच चुकला. बाईंनी घरोघर फिरून माणसं गोळा केली. शेवटी पंचायतीनं ठरवलं, नळाची मूठ काढायची. मूठ म्हणजे वरची, धरून फिरवायची. ती काढली आणि सोलांजबाईंच्या ताब्यात दिली. ज्याला थडग्यावर पाणी घालायचं त्यानं त्यांच्याकडून न्यायची. माझ्या डोक्यावर उरली नुसती चौकोनी खुंटी.

तेव्हापासून सायकलवाले यायचे, खुंटी बघायचे, शिव्या घालायचे आणि जायचे. आतमध्ये पाणी, आणि तोंड शिवलेलं. कसं वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं.

आता त्या दुपारची गोष्ट. ऑगस्ट. दगडातून वाफ निघत होती. गावातल्या सगळ्या खिडक्यांच्या लाकडी झडपा लावलेल्या, सगळे आत आडवे झालेले. एक पोरगी आली सायकलवरून. सायकल उभी केली नाही, टाकलीच. धावत माझ्याकडं. हातात दोन रिकाम्या बाटल्या. मूठ दिसली नाही तेव्हा तिनं माझ्या मागं बघितलं, खाली बघितलं, जशी मी कुठं लपवून ठेवलीय.

बोटांनी खुंटी फिरवायला लागली. कातडं सोललं. मग थैलीतून बारकी पकड काढली, पिळली. पकड निसटली. परत लावली, परत निसटली. खुंटीचे कोपरे घासून गोल व्हायला लागले. आणि ती स्वतःशीच बडबडत होती, बाबा तिथंच थांबा, उठू नका, मी आलेच. तेव्हा मला कळलं की दुसरं कुणीतरी वाटेवर पडलंय.

पाणी माझ्या घशाशी होतं, मित्रांनो. एक थेंब टपकला. बस, तेवढाच.

फोन तिनं वर धरून बघितला. माळावर तो कुणाचाच लागत नाही. मग गेली ती सोलांजबाईंच्या दाराशी. झडपांवर मुठी आपटल्या. घसा एवढा कोरडा की हाक फुटत नव्हती, नुसतं खरखर. आतून काही नाही. पुढचं घर ठोठावलं, तिथं वर्षभर कुणी राहतच नाही. मी इथून बघत होतो.

चर्चचं दार उघडं होतं. ती आत शिरली. आमच्याकडं तास वाजतात यंत्रानं. दोरीनं घंटा एकाच कारणासाठी वाजते, गावातलं कुणी गेलं की. तिला ते कुठलं माहीत. दोरी दिसली, तिला लोंबकळली. कधी दमून सावकाश, कधी एकदम धडाधड.

झडपा उघडल्या. आधी सोलांजबाई, घरातल्या सपाता घालूनच. मग रेजिस, दोघंतिघं आणखी. बाईंनी चर्चच्या दारातच विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," पोरगी म्हणाली. "माझे बाबा. खालच्या वळणावर पडलेत. घाम यायचा थांबलाय, मला आईच्या नावानं हाक मारतायत. आई कधीच गेली. पाणी द्या, मादाम."

बाईंचा हात एप्रनच्या खिशात गेला. मूठ तिथंच होती. रेजिस बंबवाल्यांना फोन करायला घरच्या फोनकडं पळाला, इथं आजाऱ्याला न्यायला तेच येतात.

बाईंनी मूठ खुंटीवर बसवली आणि फिरवली. फिरली नुसती मूठ. कोपरे झिजलेले ना. परत फिरवली. पोरगी बाजूला उभी, ओठ चावत.

बाईंनी एप्रनची नाडी ओढून तोडली, खुंटीभोवती घट्ट गुंडाळली, वर मूठ ठेवली. आता ठोकायला हवं काहीतरी. इकडं तिकडं बघितलं आणि फेर्नांच्या थडग्यावरची संगमरवरी पाटी उचलली. बाईंनीच तिथं ठेवलेली.

रेजिस परत येत होता, तो म्हणाला, "अहो, फेर्नांची पाटी आहे ती."

"तो काही बोलायचा नाही," बाई म्हणाल्या. "आधी तरी कुठं बोलायचा."

आणि हाणली. पाटी तडकली. परत हाणली, तुकडा उडाला. मग दोन्ही हातांनी मूठ धरून अंगाचा भार टाकला, आणि मी सुटलो.

भिंतीशी ठेवलेल्या झाऱ्या भरल्या, सगळ्या. पोरीनं स्वतः एक घोटही घेतला नाही. बाई घरातून चादरी घेऊन आल्या, त्या माझ्याखाली भिजवल्या. सगळं रेजिसच्या गाडीत टाकलं, बाई मागं झाऱ्या धरून बसल्या, आणि गाडी पांढरी धूळ उडवत गेली. मला बंद करायला कुणी थांबलं नाही. मी वाहत राहिलो, ऐकत राहिलो. बंबवाल्यांच्या गाडीचा भोंगा आला, खालच्या वळणाकडं गेला. मग बराच वेळ नुसती झाडांवरच्या किड्यांची किरकिर. माझं पाणी वाटेवर गेलं, दगडात गेलं. माणूस आहे की गेला, कोण सांगणार नळाला.

उन्हं कलल्यावर सोलांजबाई चालत आल्या. आधी मला बंद केलं. मग फेर्नांजवळ बसल्या.

"शुद्धीवर आला," त्याला म्हणाल्या. "पहिलं काय विचारलं, माहितीय? सायकल कुठाय." थोड्या हसल्या. मग हळू म्हणाल्या, "मी जागी होते, फेर्नां. तिनं झडप वाजवली तेव्हा. फटीतून मला हेल्मेट दिसलं, आणि मी कूस बदलली."

सकाळी रेजिस पाना घेऊन आला. पंचायतीचा ठराव आहे म्हणाला, मूठ परत काढावी लागेल. बाई फाटकात उभ्या. "काढून दाखव," म्हणाल्या. त्यानं पाना लावला, थोडं ओढल्यासारखं केलं. ठोकून ठोकून बसलेली मूठ ती. पण मनापासून ओढली असती तर निघालीही असती. रेजिस पाना खिशात घालून गेला.

तेव्हा पोरांनो, पाणी भरून झालं की मला नीट बंद करा, थेंब वाया घालवू नका, आणि थडग्यांचा मान राखा. एवढं तुमच्याकडून पाहिजेच. पण दारात कुणी तहानलेला आला, तर तो कोण, कुठला, कालच्या कुणासारखा दिसतो, ते बघत बसू नका. आधी पाणी द्या. भांडण नंतर करा, हवं तेवढं. मी आहे इथं ऐकायला.