सकाळी अडणारं लेथ

लतिकाताई निवृत्त झाल्या तेव्हा टेलिफोन ऑफिसने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गोखिवऱ्याला जुनी यंत्रं विकणाऱ्या अल्पेशकडून एक जुनं, छोटं लेथ मशीन आणलं आणि उमेळ्याच्या घराच्या पडवीत टेबलावर बसवलं. गावात बायका निवृत्तीनंतर भजनी मंडळात जातात, फार तर गुडघे बदलून घेतात. त्यामुळे आठवडाभर माणसं मशीन बघायला येत होती, आणि लतिकाताईंचे यजमान आत्माराम प्रत्येकाला सांगत होते, "धातू कातायचं यंत्र आहे हो. पापड लाटायचं नव्हे."

सतराव्या वर्षी लतिकाताई टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवायच्या कोर्सचा फॉर्म मागायला गेल्या होत्या. खिडकीतल्या गृहस्थाने वर न बघता शिवणकामाचा फॉर्म पुढे सरकवला. त्या "राहू दे" म्हणाल्या आणि घरी आल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनी आत्मारामना सांगितली ती लेथ आल्यावर, तीही मशीन पुसता पुसता. आत्मारामना ती लागली. आपणही या लेथसाठी काहीतरी करावं असं त्यांना वाटलं, आणि दुर्दैवाने त्यांनी ते केलं.

"याला तेल कमी पडलं की मेलंच समजा," असं लतिकाताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आत्माराम त्यांच्या आधी उठून मशीनला पळीभर तेल गुपचूप पाजू लागले. तेल अर्थात घरचं. वाडीतल्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल. त्या तेलाने आजवर तीन पिढ्यांचे केस, विहिरीचा रहाट, घरातल्या झाडून साऱ्या बिजागऱ्या आणि एक शिवणयंत्र यांचं भलं झालं होतं. लेथ काही वेगळ्या जातीचं असेल असं आत्मारामना वाटलं नाही.

दिवाळीनंतरही सगळं सुरळीत होतं. नाताळ उलटला, थंडी पडली आणि लेथ सकाळी अडू लागलं. हत्यार पुढेमागे सरकवायचं हँडल काही केल्या फिरेना. पडवीत ऊन आलं की बाराच्या सुमाराला आपसूक सुटायचं. अल्पेश दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा जेवणानंतर, आणि दोन्ही वेळा लेथ शहाण्या मुलासारखं चाललं.

"काकी, मशीन मस्त आहे. तुमच्या हाताला सवय नाही ना अजून," तो म्हणाला. ते वाक्य लतिकाताईंच्या चेहऱ्यावर दोन दिवस दिसत होतं.

तिसऱ्यांदा त्यांनी त्याला सकाळी सातला बोलावलं. टेम्पो घेऊन.

"फिरव," त्या म्हणाल्या.

अल्पेशने हँडल एका हाताने फिरवून पाहिलं. मग दोन्ही हातांनी. मग स्वेटर काढला.

"काकी, हे तर जाम आहे!"

"मग मी महिनाभर काय ओव्या म्हणत होते? घेऊन जा."

"बदलून देतो ना दुसरं."

"नको. मलाच जमत नसेल. राहू दे."

आत्माराम खांबाला टेकून उभे होते. लतिकाताई चिडल्या तर काळजीचं कारण नसे. चिडून त्यांनी आख्खं टेलिफोन ऑफिस सरळ केलं होतं. पण हे "राहू दे" त्यांनी त्या फॉर्मच्या गोष्टीत ऐकलं होतं. अल्पेशने टेबलाखालच्या बोल्टला पाना लावला.

"थांब रे," आत्माराम म्हणाले. "मी त्याला तेल घालत होतो."

लतिकाताई वळल्या. "कसलं तेल?"

"चांगलं."

"अहो, कसलं?"

"आपलंच. घाण्यावरचं."

अल्पेश मटकन पायरीवर बसला. "काका, तुम्ही मशीनला चंपी केली?"

लतिकाताई हसल्या नाहीत. त्यांनी सरकत्या भागाखाली बोट घालून बाहेर काढलं. बोटावर पांढरंफेक, थिजलेलं खोबरेल होतं आणि त्यात पितळेचा कीस, बर्फीवर पिस्ता पेरावा तसा. त्यांनी वास घेतला. आत्माराम शिक्षेची वाट पाहत उभे राहिले.

"म्हणजे माझा हात चुकत नव्हता," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "अल्पेश, पाना इकडे दे. आणि टेम्पोत डिझेलचा डबा असेल तो आण."

पुढचे दोन तास आत्मारामना फडकी धरण्यापलीकडे अधिकार नव्हता. लतिकाताईंनी मशीनचा एकेक भाग उतरवला. काढलेले स्क्रू आप्पेपात्रात ठेवले, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, एका खळग्यात एक. सरकता भाग घट्ट-सैल करणारी, त्याच्या कुशीतली पातळ पट्टी त्यांनी अशी अलगद ओढली, की अल्पेशने न सांगता टॉर्च धरला. खाचाखाचांतून डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश फिरला. नव्या फडक्याचे धागे सुटतात म्हणून जुन्या सुती साडीने पुसणं झालं. मग खरं मशीनचं तेल, प्रत्येक छिद्रात दोनच थेंब, आणि उघड्या लोखंडावर बोटाने ओढलेला पातळ हात.

"एवढंसंच?" आत्मारामांच्या तोंडून गेलं.

"तेल दिसायला नको. हाताला कळायला हवं."

पट्टी परत बसवून त्यांनी स्क्रू केसभर आवळले, हँडल फिरवून पाहिलं, केसभर सोडले, पुन्हा फिरवलं. डोळे मिटलेले होते. ही बाई बत्तीस वर्षं लोकांचे राँग नंबर निस्तरत बसली, याचं आत्मारामना आज पहिल्यांदा वाईट वाटलं.

साडेनऊ वाजले होते, मशीनवर अजून ऊन आलं नव्हतं. लतिकाताईंनी पितळेचा दांडा अडकवला, बटण दाबलं आणि एका बोटाने हँडल फिरवलं. पिवळा कीस झरझर उडाला. दांडा मशीनमधून निघाला तेव्हा त्यात अल्पेशचा उघडा जबडा स्वच्छ दिसत होता.

त्याने पाना खिशात घातला, टेम्पोकडे निघाला आणि परत आला.

"काकी, माझ्या गाळ्यात अजून दोन अशीच पडलीत. तुम्ही एकदा बघता का?"

"बघते. परवा न्यायला ये."

"मीही येऊ?" आत्मारामांनी विचारलं.

लतिकाताईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"या," त्या म्हणाल्या. "हात खिशात घालून."